फ्यूजनच्या, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा मिळवण्याच्या, संशोधनावर सरकार एवढा खर्च करतं, मग वीज कधी मिळणार?

कोयनेच्या साताऱ्यात हा प्रश्न पडणारच! माझं सरळ उत्तर: इतक्यात नाही. पैसा अणुऊर्जा विभागामार्फत जातो. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ पासून 'आदित्य' टोकामॅक (प्रचंड तापलेला वायू चुंबकांनी कोंडून ठेवणारं फ्यूजनचं यंत्र) आहे. फ्रान्समधल्या 'ईटर' या अनेक देशांच्या फ्यूजन प्रकल्पात भारत २००५ साली शिरला. आपला वाटा साधारण ९ टक्के, पण बराचसा रोखीत नाही, यंत्रसामग्रीच्या रूपात. म्हणजे काम आपल्याच कारखान्यांना. त्यातला क्रायोस्टॅट, म्हणजे यंत्राभोवतीचं निर्वात कवच, बघा: ३,८५० टनांचं स्टीलचं पिंप, सुमारे ३० मीटर उंच, गुजरातमधल्या हजीऱ्यात तुकड्यातुकड्यांनी घडवून जहाजाने धाडलं. (आमच्याकडे साखर कारखान्याचा बॉयलर रस्त्याने निघाला तरी अख्खं गाव बघायला जमतं.) आणि हो, ईटर स्वतः वीज बनवणारच नाही, तो प्रयोग आहे. त्यातून निघणारं ज्ञान मात्र सगळ्या सदस्य देशांना मिळतं.