उन्हाळा, कोंबड्यांची आतडी आणि शेवाळाची बाटली

मार्चपासून एकच विचारणा वेगवेगळ्या भागांतून येते आहे: समुद्री शेवाळाचं औषध जनावरांना द्यावं का? दुकानदार ते ‘आतड्याचं कवच’ म्हणून विकतायत. आलेल्या प्रश्नांपैकी चारांची उत्तरं देतो.

प्रश्न: ४,००० ब्रॉयलर आहेत. पाचव्या आठवड्यात उन्हाने मर सुरू झाली. डीलर म्हणतो, शेवाळाचा अर्क पाण्यातून दुप्पट द्या. देऊ का? (यवतमाळ)

नाही. दुप्पट तर नाहीच, आज एकपटही नको.

शेवाळात दम नाही असं माझं म्हणणं नाही. तपकिरी शेवाळात लॅमिनरिन, फ्युकॉइडन, फ्लोरोटॅनिन हे घटक असतात. प्रयोगशाळेत डुकराच्या आतड्यातल्या पेशी वाढवून त्यांच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड हे पेशींना इजा करणारं रसायन सोडलं, तर आधी अर्क दिलेल्या पेशी जास्त तगतात. ग्लुटाथायोन, कॅटलेज ही पेशीची स्वतःची बचावाची फळी त्याने उभी राहते. आयर्लंडमध्ये दूध तोडलेल्या डुकराच्या पिल्लांना असे घटक खाद्यातून दिले, तेव्हा हगवण कमी झाल्याचंही दिसलं. पण तिथे अर्क त्रास सुरू व्हायच्या आधीपासून पोटात होता. शिवाय कोंबड्यांवरचे निकाल सगळीकडे सारखे नाहीत.

आता तुमच्या शेडमध्ये काय चाललंय ते बघा. पक्षी धापा टाकतो तेव्हा अंगातली उष्णता बाहेर काढायला रक्त कातडीकडे वळतं. आतड्याला रक्त आणि ऑक्सिजन कमी पडतो, अस्तर फाटतं, आतल्या जंतूंचं विष रक्तात उतरतं. पक्षी त्या टप्प्यावर गेला की बाटली ओतून पैसे जातात, पक्षी वाचत नाही.

जास्त मात्रेचा फटका वेगळाच. शेवाळात मीठ भरपूर आणि चिकट तंतूही. मात्रा वाढली की पक्षी पाणी जास्त पितात, विष्ठा पातळ होते, शेडमध्ये अंथरलेलं तूस ओलं होतं. मूठभर तूस हातात घेऊन आवळा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, तर तुमच्या शेडमध्ये अमोनिया आणि पाठोपाठ रक्ती हगवण यायचा धोका आहे. मग तोच डीलर रक्ती हगवणीचं औषध विकायला येईल. मात्रा दुप्पट करू नका. लेबलवर कोंबड्यांसाठीची मात्रा छापलेली नसेल तर बाटली घेऊच नका.

आज करायचं ते बिनपैशाचं आहे. सकाळी १० ला खाद्य उचला, संध्याकाळी ५ नंतर टाका. पहाटे आणि रात्री दिवा लावून खाऊ द्या. पक्षी धापा टाकायला लागल्यावर खाद्य उचलून फायदा नाही, कारण खाल्लेल्याच्या पचनाची उष्णता पुढे कित्येक तास निघत राहते. पाण्याची टाकी सावलीत घ्या, ओलं गोणपाट गुंडाळा, उन्हात तापलेल्या पाइपातलं पाणी दुपारी सोडून द्या. दुपारी शेडमध्ये पक्षी हुसकावत फिरू नका.

आणि मका बघा. बुरशीचा मका आणि खवट तेल आतड्याच्या पेशींवर त्या हायड्रोजन पेरॉक्साइडसारखाच ताण रोज आणतात. मी शेडवर गेलो की आधी मक्याच्या पोत्यात हात घालतो. मका गरम लागला, कुबट वास आला, की दोष कशाचा ते तिथेच कळतं. १३ टक्क्यांच्या वर ओलावा असलेला मका स्वस्त मिळाला तरी नको. ज्यांनी मका सुधारला आणि दुपारचं खाद्य बंद केलं, त्यांना बाटलीची गरज क्वचितच पडली. तरीही पुढच्या लॉटला शेवाळ द्यायचंच असेल, तर ऊन चढायच्या आठवडाभर आधीपासून, पशुवैद्यकाला विचारून आणि लेबलवरच्या मात्रेतच.

प्रश्न: द्राक्षावर फवारायचा शेवाळाचा अर्क शिल्लक आहे. गाईला पाजला तर चालेल का, दुकानदार ‘एकच वस्तू’ म्हणतो. (तासगाव)

अजिबात पाजू नका. पिकाचा अर्क बहुतेक वेळा दाहक अल्कली वापरून काढलेला असतो, वर टिकवण्याची रसायनं. २०२१ पासून तो खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजक म्हणून येतो, म्हणजे परवानगी पिकापुरती. जनावरासाठी तो तपासलेलाच नाही. दुसरं, तपकिरी शेवाळात आयोडीन फार असतं आणि ते दुधात उतरतं. तेच दूध तुमच्या घरातली पोरं पितात. खनिज मिश्रणात आयोडीन आधीच असतं, त्यावर शेवाळाची भर नको. पिकाची बाटली पिकालाच.

प्रश्न: किनाऱ्यावर वाहून आलेलं शेवाळ शेळ्यांना घालतो, चवीने खातात. (मालवण)

चवीने खातात ती बहुधा मिठासाठी. आपल्या किनाऱ्यावर लागणाऱ्या सरगॅसम या तपकिरी शेवाळात आर्सेनिक साठू शकतं, शिवाय वाळू आणि जाळ्यांचे तुकडे. धुतल्याने वाळू जाते, आर्सेनिक पूर्ण जात नाही. गोठ्यात चाटण-वीट टांगा. शेवाळ कुजवून माडाच्या आळ्यात घाला.

प्रश्न: शेवाळासाठी अनुदान मिळतं का?

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शेवाळ लागवडीच्या तराफ्यांना आणि जाळीनळ्यांना (शेवाळ वाढवायच्या नळीसारख्या जाळ्या) सर्वसाधारण गटासाठी ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्के. चौकशी मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांच्या कार्यालयात. हे लागवडीचं अनुदान आहे. त्याच्या नावाने खाद्याची बाटली गळ्यात मारणाऱ्याला पैसे देऊ नका.

यवतमाळच्या शेतकऱ्यासाठी एक राहिलं: संध्याकाळी गारवा आल्यावरही मर थांबत नसेल, तर ती नुसत्या उन्हाची नसेल. नुकतेच मेलेले दोन-तीन पक्षी बर्फात घालून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या आणि पोट उघडून बघायला सांगा. तोवर पाण्यात काहीही ओतू नका.