खारीचं पिल्लू अंगणात पडलंय, दूध पाजून घरीच वाढवू का?

नको. दूधही नको आणि वाढवणंही नको. आता खुलासा करतो, पण खारीवरून नाही, बिबट्यावरून. कारण हाच वाद आमच्या घरात सहा वर्षं चाललाय.

आम्ही जुन्नर तालुक्यातले. सहा वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्या उसाला तोड आली होती, टोळी बीडकडची. सकाळी नवाच्या सुमारास फडात ओरडा झाला आणि कोयते थांबले. पाचटावर बिबट्याची दोन पिल्लं, महिनाभराची, निळसर डोळ्यांची. मुकादमाने माणसं मुकाट बांधावर घेतली. आमचे चुलते, नाना, मात्र पिल्लं उपरण्यात गुंडाळून थेट ओट्यावर घेऊन आले. निम्मं गाव जमलं. पोरांनी मांडीवर घेऊन फोटो काढले. नानांनी म्हशीचं दूध कोमट करून एका पिल्लाला उताणं धरून चमच्याने पाजलं. ते ठसकलं, नाकातून दूध आलं.

मी वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन लावला. वनखात्याची माणसं दुपारी आली, सोबत डॉक्टर. त्यांनी गोचिड्या काढल्या, ओळखीसाठी तांदळाएवढी चिप बसवली आणि ठसकलेल्या पिल्लाची छाती पुन्हा पुन्हा ऐकली. "दूध कुणी पाजलं?" म्हटल्यावर नानांना गोठ्यातलं काम आठवलं. म्हशीचं दूध त्या पोटाला सोसत नाही, हगवण लागते. उताणं पाजलं की ते फुप्फुसात उतरतं. भुकेलं पिल्लू रात्रीपर्यंत तग धरेल, फुप्फुसात दूध गेलेलं धरेलच असं नाही.

नाना परत आले ते "माणसाचा वास लागला, आता आई घेणार नाही, माणिकडोहला न्या" म्हणतच. माणिकडोहला आमच्याकडचं बिबट निवारा केंद्र आहे. डॉक्टर म्हणाले, एवढंसं पिल्लू तिथे गेलं की जन्मभर पिंजरा; शिकार शिकवायला आईच लागते.

दिवस मावळायच्या आत पिल्लं क्रेटमध्ये घालून, सापडली त्याच सरीत ठेवली, कॅमेरे लावले. तोड बंद, मुकादमाचं तोंड वाकडं. सकाळी क्रेट आडवा पडलेला, रिकामा. कॅमेऱ्यात वेळ होती रात्री ८.२०. मादी आली, पंजाने क्रेट पाडला, एकाला मानगुटीला धरून नेलं. दुसऱ्यासाठी दीड तासाने परत आली. अख्ख्या गावाचे हात लागलेल्या पिल्लांना!

तर तुमची खार. वासाची भीती सोडा. खोक्यात मऊ कापड घाला, कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा आणि जिथे सापडलं तिथेच, मांजराला पोचता येणार नाही असं ठेवून लांब व्हा. खार दिवसा वावरणारी, त्यामुळे अंधार पडेपर्यंत आई आली नाही तर प्राणिमित्रांना किंवा वनखात्याला फोन करा. फोटो काढत बसू नका.

एक राहिलंच. रक्त असेल, माश्यांनी अंडी घातली असतील किंवा मांजराने तोंडात धरलेलं असेल, तर आईची वाट न पाहता आधी फोन. चावलं तर साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि लसीचं डॉक्टरांना विचारायचं. आणि हे वाचून कुणी स्वतः क्रेट घेऊन उसात शिरू नका, ते खात्याचं काम. आमच्या भागात बिबट्याने माणसं मारलीत. ज्यांच्या घरातलं गेलंय त्यांच्यापुढे मी हे बोलत नाही. पण पिल्लं उचलली की मादी शोधत वस्तीभोवतीच फिरते, हे नानांना तेव्हाही सांगितलं होतं.

कॅमेऱ्यातले फोटो त्यांनी पाहिलेत. म्हणतात, ती दुसरीच मादी होती. पाहुण्यांना मात्र अजून ओट्यावरचाच फोटो दाखवतात.