चार वर्षांचा कुत्रा दत्तक घेतला आहे. या वयात तो शिकेल का? सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की त्याला घरी येऊन दहा दिवस झाले, हाक मारली तर तो येत नाही, घरात शू करतो, आणि परवा जेवणाच्या भांड्याजवळ हात नेला तर गुरगुरला. त्यावर ओळखीच्यांनी ‘मालक कोण ते एकदा दाखवून दे’ असं सुचवलं. त्याचं जुनं नाव बदलावं का, हेही विचारलंय.

तो नक्की शिकेल. पण ओळखीच्यांचा तो सल्ला कृपया मानू नका.

माझी कुत्री माझ्याकडे आली तेव्हा साधारण पाच वर्षांची होती. ‘ये’ म्हटलं की ती अंग चोरून जमिनीला चिकटायची. मला वाटलं, तिला शब्द कळत नाही. म्हणून मी तो पुन्हापुन्हा, थोडा आवाज चढवून म्हणत राहिले. तीन आठवडे हे चाललं. मग एका अनुभवी प्रशिक्षिकेनं तिला पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, ‘हिला शब्द चांगलाच कळतो. ये म्हणून जवळ बोलावून कुणीतरी मारलेलं असणार.’ खरं काय घडलं होतं ते कधीच कळणार नव्हतं, पण तिचं अंग तेच सांगत होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. तीन आठवडे रोज मी तिला तीच भीती देत होते.

पिल्लाला नुसतं शिकवायचं असतं. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत आधी कुणी काय शिकवून ठेवलंय ते शोधावं लागतं, आणि ते सांगायला कुणी नसतं. म्हणून आणखी दोनेक आठवडे तुम्हीच त्याचे विद्यार्थी व्हा. कुठल्या शब्दाला, कुठल्या वस्तूला, हात वर गेला की तो काय करतो, ते वहीत लिहा. झोप आलेली नसताना जांभई, समोर खाणं नसताना नाकावरून जीभ फिरवणं, मान वळवून घेणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, चालता चालता एकदम थिजणं, ही सगळी ताणाची लक्षणं आहेत. शेपटी हलते म्हणजे तो खूश आहे, असंही धरून चालू नका. ताठ, उंच धरलेली शेपटी हलत असेल तर जरा लांबच राहा.

‘ये’ आम्ही कायमचा सोडला. त्याऐवजी एक हलकी शीळ निवडली, जी तिनं आमच्या घरी पहिल्यांदाच ऐकली. सुरुवातीला त्या शिळेवर तिला बोलावलंच नाही. ती जिथे बसली असेल तिथे शीळ घालायची आणि लगेच तिच्यापुढे चिकनचा छोटा तुकडा टाकायचा, दिवसातून दहाएक वेळा. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांना जे कळलं, तेच: हा आवाज आला की काहीतरी चांगलं येतं. चौथ्या दिवशी तुकडा पडायच्या आधीच तिनं मान वळवली. मग एका पावलावरून, मग दुसऱ्या खोलीतून, मग अंगणातून. दोन महिन्यांनी ती शिळेवर धावत यायला लागली.

आता गुरगुरण्याबद्दल, कारण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. गुरगुरणं ही पूर्वसूचना आहे. ‘मला भीती वाटतेय, मागे हो,’ एवढंच तो सांगतोय. त्यासाठी शिक्षा केली तर भीती तशीच राहते, फक्त सूचना बंद होते. असा कुत्रा पुढे न गुरगुरता चावू शकतो. भांडं काढून घेऊन त्याची परीक्षा पाहू नका. तो खात असताना इतक्या लांबून जा की त्याचं अंग ताठ होणार नाही. जाता जाता भांड्यातल्यापेक्षा चविष्ट तुकडा त्याच्याकडे टाका आणि थांबू नका. काही आठवड्यांत अंतर थोडं थोडं कमी करा. तो खाताना थिजला तर तुम्ही घाई केलीत, पुन्हा लांब व्हा. घरात लहान मुलं असतील तर जेवताना त्याला वेगळी खोली द्या. चावण्यापर्यंत वेळ आली असेल तर इथली उत्तरं पुरणार नाहीत, वर्तनातला जाणकार पशुवैद्य गाठा.

‘मालक कोण ते दाखवा’ हे कुठून आलं तेही सांगते. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं, त्यातून ‘कळपाचा म्होरक्या’ ही कल्पना पसरली. पुढे मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिलेल्या डेव्हिड मीच यांनी 1999 मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पिल्लं. शिवाय कुत्रा लांडगा नाही. तुमचा कुत्रा घराची सत्ता बळकावत नाहीये, तो जेवण वाचवतोय.

वयाची काळजी सोडा. व्हिएन्नात बॉर्डर कॉली कुत्र्यांवर झालेल्या, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वयस्कर कुत्रे नवी गोष्ट शिकायला जास्त वेळ घेत होते, पण शिकलेलं सहा महिन्यांनीही विसरले नव्हते. तुमचा तर अवघा चार वर्षांचा आहे.

घरातल्या शूसाठी आधी लघवीची तपासणी करून घ्या, कधीकधी कारण संसर्गाचं असतं. ते नसेल तर त्याला पिल्लासारखं धरा: झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, रात्री झोपण्याआधी बाहेर न्या आणि बाहेर शू झाली की तिथल्या तिथे बक्षीस द्या. घरी परतून दिलेलं बक्षीस त्याला घरी परतल्याचं वाटतं. आधी झालेल्या शूबद्दल रागावलात तर त्याला फक्त तुमचा राग दिसतो.

बाकीच्या शिकवणीतही हीच वेळ सांभाळायची, काम आणि बक्षीस यांत सेकंदभराचंच अंतर हवं. एका वेळी तीन-चार मिनिटं पुरतात. ‘बस’ शिकवताना आधी हाताची खूण शिकवा, शब्द नंतर जोडा. कुत्र्यांना खूण लवकर उमगते. आणि घरात बसणारा कुत्रा रस्त्यावर बसला नाही तर तो हट्टी नसतो. नव्या जागी त्याला तो धडा नवाच असतो, तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

इतक्यात पट्टा सोडू नका, ओळखीच्या मैदानातही. घाबरून पळालेल्या नव्या कुत्र्याला परत कुठे यायचं ते अजून ठाऊक नसतं. निसटणार नाही असा हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) आणि लांब दोरी वापरा.

राहिलं नाव. ते साध्या आवाजात घ्या आणि त्याच्याकडे बघा. कान उभारून तो तुमच्याकडे वळला तर तेच ठेवा. कान पडले, मान खाली गेली तर नवं नाव द्या, आणि पहिले काही दिवस ते फक्त हातात खाऊ असतानाच घ्या. रागावताना, औषध पाजताना, अंघोळीला नेताना चुकूनही घेऊ नका.