‘प्लेऑफ’ला ‘बाद फेरी’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे : अमेरिकेतल्या बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका या लीगच्या पहिल्या हंगामावर, म्हणजे १९४६-४७ वर, मराठीत लेख लिहायचा आहे. ‘प्लेऑफ’ला ‘बाद फेरी’ हा शब्द चालेल का? ‘पोस्टसीझन’ला ‘हंगामोत्तर’ म्हणावं का? आणि ‘बेस्ट ऑफ सेव्हन’ला ‘सात सामन्यांची मालिका’ म्हटलं तर काय बिघडतं?

आधी ‘बाद फेरी’. शब्द अस्सल आणि रुळलेला आहे. मतपत्रिका बाद ठरते, नोट बाद होते, फलंदाज बाद होतो. तसा हरलेला संघ स्पर्धेतून बाद होतो. पण हा शब्द पद्धत सांगतो : हरलात की बाहेर. ‘प्लेऑफ’ हा शब्द हंगामाचा टप्पा सांगतो : साखळी संपल्यावर वरच्या क्रमांकाच्या संघांमध्ये विजेतेपदासाठी जे खेळलं जातं ते. बहुतेक वेळा दोन्ही गोष्टी एकत्र येतात, म्हणून फरक जाणवत नाही. जिथे त्या एकत्र येत नाहीत तिथे वाक्य सरळ चुकतं. आयपीएलमध्ये २०११पासून पहिला क्वालिफायर हरलेल्या संघाला दुसऱ्या क्वालिफायरमध्ये आणखी एक संधी मिळते. तो संघ प्लेऑफमध्ये हरलेला असतो, पण बाद झालेला नसतो.

याच अमेरिकन लीगच्या वारसदाराकडे याहून ठळक उदाहरण आहे. १९४९मध्ये ही लीग आणि नॅशनल बास्केटबॉल लीग एकत्र आल्या आणि नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन (एनबीए) हे नाव आलं. त्या एनबीएच्या १९५४च्या प्लेऑफची सुरुवातच साखळीने झाली. पूर्वेतले सिराक्यूज, न्यूयॉर्क, बोस्टन आणि पश्चिमेतले मिनियापोलिस, रोचेस्टर, फोर्ट वेन. प्रत्येक विभागातले तीन संघ एकमेकांशी साखळी पद्धतीने खेळले आणि तळाचा एकेक संघ गळाला. न्यूयॉर्क आणि फोर्ट वेन दोघेही आपापले चारही सामने हरले. त्या टप्प्याला ‘बाद फेरी’ म्हणायचं तर एकच सामना हरून कोणीच बाद झालेलं नाही. म्हणून नेम असा ठेवावा : टप्प्याचं नाव ‘प्लेऑफ’, आणि त्यातली पद्धत खरोखर बाद असेल तिथेच ‘बाद’.

१९४७मध्ये पद्धत बादच होती, त्यामुळे तुमच्या लेखात ‘बाद फेरी’ चूक ठरणार नाही. पण त्या फेरीची रचना आपल्या ओळखीच्या साच्यात बसत नाही. खरी अडचण पुढच्या शब्दांत आहे.

लीगमध्ये ११ संघ होते, पूर्व विभागात सहा आणि पश्चिम विभागात पाच. प्रत्येक विभागातले पहिले तीन प्लेऑफमध्ये गेले. मग जोड्या लागल्या त्या क्रमांकाला क्रमांक अशा. पहिल्यासमोर पहिला : ४९ जिंकून ११ हरलेला वॉशिंग्टन कॅपिटॉल्स आणि शिकागो स्टॅग्ज. दुसऱ्यासमोर दुसरा : फिलाडेल्फिया वॉरियर्स आणि सेंट लुईस बॉम्बर्स. तिसऱ्यासमोर तिसरा : न्यूयॉर्क निकरबॉकर्स आणि क्लीव्हलँड रेबल्स. दोन विभागविजेत्यांची मालिका ही थेट उपांत्य मालिका होती आणि त्यासाठी चार विजय लागत. बाकीच्या दोन मालिकांत दोन विजय पुरेसे होते. तिथले विजेते फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क एकमेकांशी भिडले, तेही दोन विजयांच्याच मालिकेत.

‘उपांत्य’ म्हणजे अंत्याच्या लगतचं, शेवटच्या आधीचं. व्युत्पत्तीने पाहिलं तर वॉशिंग्टन-शिकागो आणि फिलाडेल्फिया-न्यूयॉर्क या दोन्ही मालिका उपांत्यच आहेत. पण ‘उपांत्य फेरी’ म्हटलं की मराठी वाचकाला दोन सारख्या लढती दिसतात. इथे शिकागोला सहा सामने खेळून ४-२ असं जिंकावं लागलं, तर फिलाडेल्फियाचं काम २-० असं दोन सामन्यांत झालं. शिवाय फिलाडेल्फिया त्याआधी एक मालिका खेळून आला होता, शिकागो नाही. म्हणून ‘उपांत्य’ लिहाच, पण पहिल्याच उल्लेखात किती विजयांची मालिका ते जोडा. त्याआधीच्या टप्प्याला मात्र ‘उपांत्यपूर्व फेरी’ म्हणू नये. त्या शब्दाने आठ संघ आणि चार लढती डोळ्यांपुढे येतात. इथे चार संघ आणि दोन मालिका होत्या. साधं ‘पहिली फेरी’ बरं.

आजच्या एनबीएच्या सवयीने ‘पूर्व विभागाची अंतिम फेरी’ असं लिहिण्याचा मोह होईल. १९४७मध्ये अशी फेरीच नव्हती. विभागविजेता साखळीच्या गुणतक्त्यावरच ठरला होता, आणि दोन विभागविजेते अंतिम फेरीच्या आधीच समोरासमोर आल्यामुळे त्यातला एक तिथेच बाहेर जाणार हे ठरलेलं होतं. बाहेर गेला तो वॉशिंग्टन, साखळीतला सर्वांत भारी संघ. हे वाक्य लेखात यायला हवं, कारण वाचकाला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट तीच आहे.

आता ‘बेस्ट ऑफ सेव्हन’. क्रिकेटमुळे आपल्या कानाला ‘पाच सामन्यांची मालिका’ म्हणजे पाचही सामने, असं बसलेलं आहे. तिसऱ्या सामन्यात निकाल लागला तरी उरलेले दोन खेळले जातात. बास्केटबॉलमध्ये चौथा विजय मिळाला की खेळ थांबतो. ‘सात सामन्यांची मालिका फिलाडेल्फियाने ४-१ ने जिंकली’ असं लिहिलं तर वाचक उरलेले दोन सामने शोधत बसेल. ‘सातपैकी चार’ हा प्रयोग चोख आहे. बॅडमिंटनच्या ‘तीनपैकी दोन गेम’च्या धाटणीचा असल्यामुळे तो कानाला परकाही वाटत नाही.

‘अंतिम सामना’ आणि ‘अंतिम फेरी’ यांतही गल्लत होते. १६ एप्रिल १९४७ला जो सामना झाला, ज्यात फिलाडेल्फियाच्या जो फुल्क्सने ३७ गुण केले, तो अंतिम फेरीचा पहिला सामना. २२ एप्रिलला फिलाडेल्फियाने ८३-८० असा जिंकला तो पाचवा आणि शेवटचा. नुसतं ‘अंतिम सामना’ लिहिलं तर या दोनपैकी कोणता ते कळत नाही.

मूळ इंग्रजी मजकूर वाचताना आणखी एका ठिकाणी पाय घसरतो. ‘प्लेऑफ’चा तिकडचा जुना अर्थ वेगळा आहे : बरोबरीची कोंडी फोडण्यासाठी खेळलेला जादा सामना. या लीगमध्ये दोन्ही अर्थांचे सामने सापडतात. १९४७मध्ये साखळी ६० सामन्यांची असूनही शिकागोच्या नावावर ३९-२२ आणि सेंट लुईसच्या नावावर ३८-२३ दिसतात, म्हणजे ६१. तो वाढीव सामना पश्चिमेतलं पहिलं स्थान ठरवण्यासाठी या दोघांतच झाला आणि साखळीच्या हिशेबात धरला गेला. १९४८मध्ये पश्चिमेत दुसऱ्या क्रमांकासाठी बाल्टिमोर, शिकागो आणि (त्या हंगामात पश्चिम विभागात असलेला) वॉशिंग्टन तिघेही २८-२० वर अडकले. शिकागोने वॉशिंग्टनला ७४-७० असं हरवलं, मग बाल्टिमोरने शिकागोला ७५-७२ असं. वॉशिंग्टन तिथेच संपला, खरं तर त्याची कामगिरी २७-२१ वरच असलेल्या पूर्वेच्या विभागविजेत्या फिलाडेल्फियापेक्षा सरस होती. बाल्टिमोर दुसऱ्या क्रमांकाने पुढे जाऊन विजेता झाला. हे दोन सामने साखळीत मोजलेले नाहीत. अशा सामन्यांना मराठीत ‘प्लेऑफ’ म्हणू नये. ‘निर्णायक सामना’ही नको, कारण ३-३ झाल्यावरच्या सातव्या सामन्यालाही आपण तेच म्हणतो. ‘टायब्रेकर’ किंवा ‘बरोबरी सोडवणारा जादा सामना’ यांत घोटाळा होत नाही.

‘हंगामोत्तर’बद्दल. फारसी हंगाम आणि संस्कृत उत्तर यांचा सांधा काहींना खुपेल. ‘निवडणूकोत्तर’ आपण चालवून घेतो, त्यामुळे मला तो खुपत नाही. अडचण अर्थाची आहे. ‘हंगामोत्तर’ म्हटलं की हंगाम संपला, खेळाडू घरी गेले, असं चित्र उभं राहतं. प्लेऑफ तर हंगामाचा कळस असतो. ‘साखळीनंतरचा टप्पा’ लिहा.

राहिलं व्याकरण. ‘प्लेऑफ’ पुल्लिंगी धरावा, म्हणजे अनेकवचनात रूप बदलत नाही : ‘प्लेऑफ सुरू झाले’. ‘प्लेऑफ्स’ नको, ते इंग्रजी अनेकवचन मराठी प्रत्ययाला अडतं आणि ‘प्लेऑफ्समध्ये’ असा खडा दाताखाली येतो. ‘प्लेऑफमध्ये’ आणि ‘प्लेऑफात’ दोन्ही शुद्ध, पहिलं जास्त रुळलेलं. स्त्रीलिंग हवंच असेल तर ‘प्लेऑफ फेरी’ लिहावं, लिंग फेरीचं येतं.

तुमच्या लेखाचं कळीचं वाक्य मी असं लिहीन : ‘प्लेऑफमध्ये दोन्ही विभागविजेते उपांत्य मालिकेतच समोरासमोर आले, सातपैकी चार विजयांची ही मालिका शिकागोने ४-२ अशी जिंकली, पण अंतिम फेरीत फिलाडेल्फियाने त्यांना ४-१ असं हरवून लीगचं पहिलं विजेतेपद मिळवलं.’