पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद.

तुझा लेख वाचला, पण उत्तर देतेय ते पत्रातल्या शेवटच्या ओळीला. हिंदुस्थानावर अरबीत ग्रंथ लिहिणारा अकराव्या शतकातला विद्वान अल-बिरुनी नेमका कोणाच्या बाजूचा, असं तू विचारलं आहेस. एकाने तुला त्याचं एक वाक्य पाठवलं: गझनीच्या सुलतान महमूदाने या देशाची भरभराट धुळीला मिळवली. दुसऱ्याने दुसरं पाठवलं: हिंदूंना वाटतं, आपल्यासारखा देश नाही, आपल्यासारखं शास्त्र नाही. दोन्ही आशय त्याचेच आहेत, आणि दोन्ही त्याच्या हिंदुस्थानावरच्या ग्रंथात, पहिल्याच प्रकरणात आहेत. आणि तू बसला आहेस यातलं कोणतं गाळायचं या काळजीत.

अरे, गाळायचं कशाला?

हा माणूस ९७३ साली मध्य आशियातल्या ख्वारझममधल्या काठ शहरात जन्मला. ती जागा आज उझबेकिस्तानात आहे आणि तिथल्या गावाला त्याचंच नाव दिलेलं आहे. १०१७ साली महमूदाने ख्वारझम घेतलं आणि याला गझनीला नेलं. महमूद वारला त्याच वर्षी, १०३० मध्ये, हा ग्रंथ पुरा झाला. गझनीच्या दरबाराच्या सावलीत राहून त्याने लिहिलं की या स्वाऱ्यांमुळे हिंदूंची विद्या दूर काश्मीर-काशीकडे निघून गेली आणि परक्यांबद्दल त्यांच्या मनात तिटकारा बसला. त्याच प्रकरणात हिंदू पंडितांच्या घमेंडीवर बोट ठेवलं, आणि लगेच हेही नोंदवलं की त्यांचे पूर्वज असे संकुचित नव्हते. यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, ज्ञानाचा मान राखावा असं त्यांचाच जुना ज्योतिषी वराहमिहिर सांगून गेला आहे. आता बसव त्याला एखाद्या बाजूला.

त्याची एकच बाजू होती, आणि ती ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात आहे. ऐकलेल्याला पाहिलेल्याची सर येत नाही. माझं सगळं सांगणं एवढंच आहे: पाहिलेलं वेगळं लिही, ऐकलेलं वेगळं लिही. पुन्हा वाच हे वाक्य. तुझ्या लेखात एकाही ठिकाणी ही रेघ ओढलेली नाही.

ही रेघ तो कशी ओढतो ते दाखवते. याच ग्रंथाच्या अठराव्या प्रकरणात आपलं कोकण येतं. धारहून दक्षिणेकडे मराठ्यांचा देश, मग कोकण, त्याची राजधानी समुद्रकाठचं ठाणे, अशी अंतरं तो फरसख या इराणी मापात देतो. तिथेच तो शरभाबद्दल लिहितो. कोकणच्या सपाटीवर एक जनावर आहे, चार पाय खाली आणि पाठीवरही पायांसारखं काहीतरी वर आलेलं, ते हत्तीलाही फाडतं, असं लोक सांगतात. ‘लोक सांगतात’ हे शब्द त्याने ठेवले आहेत. आणि याच प्रकरणात गेंडा येतो तेव्हा त्याची भाषा बदलते. एक तरुण गेंडा हत्तीवर धावून गेला, त्याने शिंगाने हत्तीच्या पुढच्या पायाला जखम केली आणि हत्तीला तोंडावर पाडलं. हे मी स्वतः पाहिलं, असं तो लिहितो. शरभ ऐकलेला, गेंडा पाहिलेला. दोन्ही ठेवले, पण एकमेकांत कालवले नाहीत. पेशावर, सियालकोट, मुलतान अशा कुठल्या ठिकाणांचे अक्षांश स्वतः मोजले ते सांगून तो म्हणतो, याच्यापुढे मी गेलेलो नाही. ठाण्याला तो आला नव्हता, आणि आल्यासारखं दाखवतही नाही.

तू मात्र लिहितोस, ‘बिरुनी भारतभर फिरला’. कुठून आणलंस हे? कोणीतरी लिहिलं, दुसऱ्याने उचललं, तू तिसरा. त्याच्या प्रस्तावनेत खोटं सांगणाऱ्यांचे प्रकार आहेत. कोणी स्वार्थापोटी सांगतो, कोणी आवडीपायी किंवा द्वेषापायी. आणि एक जण असतो जो अज्ञानापोटी, दुसऱ्याने सांगितलं म्हणून तसंच पुढे ढकलतो. तू स्वार्थी नाहीस, द्वेष तर तुझ्यात नाहीच. म्हणून या शेवटच्या प्रकारात तू पडू नयेस असं मला फार वाटतं.

ऐकलेलं टाकून दे, असं मी म्हणत नाहीये. तोही म्हणत नाही. डोळ्याला समोरचं तेवढंच दिसतं. गेलेला काळ ऐकूनच कळतो. फक्त सांगणारा कोण आणि तो कुठे उभा होता, हे माहीत हवं. ९९७ सालच्या चंद्रग्रहणाचं बघ. बिरुनी काठला आणि अबुल वफा हा खगोलज्ञ बगदादला, आधी ठरवून दोघांनी एकच ग्रहण पाहिलं, आणि वेळेतल्या फरकावरून दोन शहरांच्या रेखांशातलं अंतर काढलं. बगदादचं ग्रहण बिरुनीने पाहिलेलं नव्हतं. ते ऐकलेलंच होतं, पण कोणाकडून आणि कुठून ते पक्कं होतं.

साधनं नाहीत, ग्रंथालय लांब, मार्गदर्शक वेळ देत नाहीत, असंही तू लिहिलं आहेस. खरं असेल. १०१८ च्या ऑक्टोबरात हा माणूस काबूलजवळच्या जैफूर गावात होता. नूह आणि लूत या पैगंबरांनीही भोगली नसेल अशी आपली अवस्था आहे, असं त्यानेच लिहून ठेवलंय. जवळ एकही उपकरण नव्हतं, ते करायला सामानही नव्हतं. त्याने हिशेबाची पाटी घेतली, तिच्यावर वर्तुळाचा कंस काढला, अंशांच्या खुणा केल्या, ओळंबा सोडला आणि सूर्याची उंची मोजली. याहून जास्त मी या विषयावर बोलणार नाही.

माझ्याबद्दल लोक काय म्हणतात ते तुझ्या कानावर आलंच असेल. बाईंनी जन्मभर किल्ल्यांच्या पायथ्याची गावं पालथी घातली आणि छापलं किती, तर मूठभर. बरोबर आहे. एका संपादकाने माझ्या लेखातलं प्रत्येक ‘असं सांगतात’ खोडून टाकलं होतं, वाचताना अडखळायला होतं म्हणून. त्यात एका भुयाराची गोष्ट होती. गावकरी म्हणतात ते थेट शेजारच्या गडावर निघतं. मी कंदील घेऊन आत गेले तेव्हा थोड्याच अंतरावर दगडमातीने बुजलेलं होतं. माझ्या लेखात ही दोन वेगळी वाक्यं होती. त्यांनी एक केलं: ‘आता बुजलेलं हे भुयार शेजारच्या गडावर निघतं.’ मी लेख परत मागितला. आजही मागेन. त्यापायी मागे राहिले असं ज्यांना वाटतं त्यांना खुशाल वाटू दे. माझ्या वह्यांमध्ये आजही कळतं, कुठलं वाक्य माझ्या डोळ्यांचं आहे आणि कुठलं कोणत्या आजीच्या तोंडचं.

खंत आहे ती वेगळीच. मला अरबी येत नाही. वर सांगितलेला बिरुनी मला भेटला तो इंग्रजी भाषांतरांतून, मुख्यतः एडुआर्ड सखाउने १८८८ साली छापलेल्या. म्हणजे या पत्रातला तोही माझा ऐकलेलाच, आणि तू तो तसाच धर. बिरुनी गझनीला आला तेव्हा चव्वेचाळिशीत होता, आणि त्यानंतर तो संस्कृतात इतका शिरला की पतंजलीचा योग त्याने अरबीत नेला. हिंदू ज्योतिषांसमोर आपण आधी शिष्य म्हणून बसलो, असं तो मोकळेपणाने सांगतो. माझी चव्वेचाळिशी आली तेव्हा घर, कॉलेज, सासूबाईंचं आजारपण, सगळं एकदम होतं. तू अजून पंचविशीचाही नाहीस. अरबीचा वर्ग लाव. लेख सहा महिने उशिरा आला तर कोणाचं काही अडत नाही, तुझ्या संपादकाचंही नाही.

तोवर एक काम कर. पहिलं प्रकरण अथपासून इतिपर्यंत वाच आणि ती दोन्ही वाक्यं जिथे आहेत तिथे, मागच्यापुढच्या मजकुरासकट, वहीत उतरवून काढ. मग लेखातल्या प्रत्येक विधानासमोर समासात लिही, हे तुला कोणाकडून कळलं. ज्याच्यासमोर काही लिहिता येणार नाही ते खोड. निम्मा लेख जाईल. जाऊ दे. उरलेला मला पाठव, समासातल्या खुणांसकट. टाइप करून नको, तुझ्या हातचाच पाठव.

तुझ्या बाई