ब्लाउज जमतो, मग गोधडीला चुण्या का?

प्रश्न : मी २२ वर्षं घरी ब्लाउज शिवते. मुलीला बाळ व्हायचंय म्हणून आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी मशीनवर शिवली. मापं चोख होती, टीप सरळ होती. तरी वरच्या कापडाला चुण्या पडल्या आणि खालचं कापड एका कडेला आखूड पडलं. शिवण येत असून असं का झालं?
— एक वाचक, कराड

उत्तर : शिवण येतं म्हणूनच झालं, असं म्हटलं तर रागावू नका. माझंही झालंय. लग्नानंतरची पहिली गोधडी मी मशीनवर दुपारभरात उरकली आणि तोऱ्यात सासूबाईंपुढे ठेवली. त्या काही बोलल्या नाहीत. नुसता तळवा फिरवत गेल्या, एका जागी थांबल्या आणि म्हणाल्या, "इथं आत दुमडलंय." उसवून पाहिलं तर आतलं धोतर वीतभर गोळा होऊन बसलेलं!

ब्लाउजला दोन पदर आणि हातभर शिवण. मशीनचे दाते खालचं कापड जरा जास्त ओढतात, पण तेवढ्यात ते कळत नाही. कळलं तरी तुमचं बोट सवयीनं सावरून घेतं. गोधडीत चार-पाच थर आणि ओळ मीटरभर. खालचा थर दात्यांबरोबर पळतो, वरचा मशीनच्या कापड दाबणाऱ्या फुटाखाली अडतो, मधले मनाला येईल तसे सरकतात. म्हणून खालचं आधी संपलं आणि वरचं उरलं.

आणि टिपेचं कामच दोन्हीकडे वेगळं. ब्लाउजची टीप आत लपते. दोन तुकडे जोडले की सुटली. आकार येतो तो कटिंगनं आणि टक्सनं. गोधडीला आकार द्यायचाच नसतो. तिचा धावदोरा अंगभर, उघड्यावर, आणि थर हलू न देणं एवढीच त्याची नोकरी. तुमची टेप इथं फार उपयोगाची नाही, तळवा लागतो.

सासूबाई गोधडी जमिनीवर अंथरून तिच्यावरच बसायच्या. त्यांच्या वजनानं थर जागचे हलत नसत. कडेपासून फेरे घालत आत यायच्या, सुईवर तीन-चार टाके एकदम भरायच्या. डाव्या हाताचं बोट खाली. त्याला टोक लागलं की सुई आरपार गेली. दर फेऱ्याला हात फिरवून सैल कापड आत सारायच्या. हे सगळं मशीन करत नाही, म्हणून मशीनवर शिवताना मधून कडेकडे जा.

पुढच्या वेळी असं करा. नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरच्या आसपास भरतं. त्याचे चार तुकडे करून दोन-दोन जोडले की एका मोठ्या गोधडीची वरची आणि खालची बाजू त्यातच निघते. जाड काठ आधी काढा, ते धुतल्यावर वेगळे आटतात. आत नवं कापड घालणार असाल तर दोनदा धुऊन मगच घाला. जुनं लुगडं आटून मोकळं झालेलं असतं, नवं नंतर आटतं आणि पुन्हा चुण्या. सगळे थर ताणून अंथरा (कोपऱ्यांवर वरवंटा, डबे, काहीही ठेवा) आणि वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घाला. हा कंटाळवाणा भाग आहे. मी तो टाळला होता, म्हणून वरची गोष्ट घडली. मग टाका मोठा करा, फुटाचा दाब कमी करा. वॉकिंग फूट मिळालं तर घ्या, त्याला वरूनही दाते असतात.

आत्ताची गोधडी टाकू नका. चुण्यांच्या तेवढ्याच ओळी उसवा, तो भाग जमिनीवर पसरून हातानं धावदोरा घाला. आखूड कडेशी सगळे थर एका रेषेत कापा आणि लुगड्याच्या काठाची पट्टी लावा. ती मात्र तुम्ही माझ्यापेक्षा नीट लावाल.