‘आपण ऑप्ट-इन केलं होतं’: कधी आणि कुठे?

प्रश्न असा आहे : ओळखदेख नसलेल्या जाहिरातींच्या तळाशी ‘आपण ऑप्ट-इन केल्यामुळे हा ईमेल आला आहे’ असं लिहिलेलं असतं. मी तर कुठेच काही केलेलं नाही. मग या शब्दाचा अर्थ काय?

शब्दाचा अर्थ सरळ आहे : आपण होऊन यादीत नाव घालणं. ‘डबल ऑप्ट-इन’ म्हणजे दिलेल्या पत्त्यावर आधी एक ईमेल येतो आणि त्यातली लिंक दाबली तरच नाव पक्कं होतं. ही खातरजमा नसेल, तर तुमचा पत्ता दुसरं कोणीही भरू शकतं. आणि फुकट्या स्पॅमवाल्याला तेवढंही लागत नाही. वाक्य लिहायला पैसे पडत नाहीत.

वाक्य नीट वाचा. ‘आपण आमच्या किंवा आमच्या एखाद्या भागीदाराच्या संकेतस्थळावर नोंदणी केली होती.’ सगळी लबाडी त्या ‘किंवा’त आहे. भागीदार कोण, ते कधीच लिहिलेलं नसतं. बहुधा यादी विकत घेतलेली असते. ‘आपला पत्ता समाविष्ट करण्यात आला आहे’ ही त्याचीच बहीण. कोणी केला? कर्ता गायब! आपली सरकारी मराठी या प्रयोगात मुरलेली असल्यामुळे ते आपल्याला खटकतही नाही.

सर्वांत मजेशीर नमुना जुना आहे. ‘अमेरिकी काँग्रेसने मंजूर केलेल्या एस. १६१८ विधेयकानुसार या संदेशाला स्पॅम म्हणता येणार नाही.’ हे विधेयक १९९८ साली सिनेटमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या एका सभागृहात, मंजूर झालं, पण त्याचा कायदा कधी झालाच नाही. तरी पुढे कित्येक वर्षं हे वाक्य फिरत राहिलं.

खरा अमेरिकी कायदा २००३चा, कॅन-स्पॅम. त्यात फसवा विषय लिहायला मनाई आहे, टपालाचा पत्ता देणं सक्तीचं आहे आणि नाव काढण्याची विनंती कामकाजाच्या १० दिवसांत पाळावी लागते. पूर्वसंमती मात्र तो मागत नाही. म्हणून ‘कायद्याचे पालन करून पाठवलेला’ हे खरं असलं, तरी तुम्ही होकार दिला होता असं त्यातून निघत नाही.

‘एकदाच पाठवत आहोत’ यावर बोलायला नको. दुसऱ्यांदा येतो तेव्हा कळतंच.

‘अनसब्स्क्राइब’ ओळखीच्या कंपनीच्या ईमेलमध्ये बिनधास्त वापरा. अनोळखी ईमेलमध्ये ती लिंक दाबली, तर पत्ता चालू आहे एवढं पाठवणाऱ्याला कळू शकतं. तिथे स्पॅमचं बटण बरं.